१९६९ च्या जीटीओला नेमका कोणता टॉर्क कन्व्हर्टर बसवला आणि का

आपल्याकडे आता टॉर्क कन्व्हर्टर हा शब्द बऱ्याच जणांना माहितीये, कारण गाडी घेताना शोरूममध्ये चर्चा होतेच की एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप पडणारा) नको झटके मारते, टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स बघा. पण तो कन्व्हर्टर वेगळा निवडून घ्यायचा असतो, त्याचे साइज असतात, एकाच गाडीला चार प्रकारचे बसू शकतात, हे आपल्याला माहीत असायचं काही कारणच नाही, कंपनी जो लावून देते तो आपण चालवतो. जुन्या अमेरिकन मसल कारमध्ये मात्र इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) बदलला की हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो आणि त्यात लोक इतके पैसे घालवतात की बघून वाईट वाटतं. म्हणून हे एक प्रकरण सगळं आकडेमोडीसकट लिहितोय. पुण्याहून डेट्रॉइटकडे आलेले आपले बरेच ऑटोवाले आहेत, त्यातल्या कुणाला तरी शनिवार-रविवार जुन्या गाडीत हात घालायची हौस असणारच.

गाडी १९६९ ची पॉन्टिअॅक जीटीओ. मालक माझ्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ, राहतात डेट्रॉइटच्या उत्तरेला. त्या भागात या गाडीला वेगळाच मान आहे, कारण वुडवर्ड अॅव्हेन्यू डेट्रॉइटपासून निघतो तो थेट पॉन्टिअॅक शहरापर्यंत जातो आणि साठच्या दशकात पोरं त्याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लावायची. दर ऑगस्टमध्ये तिथे वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरतं, १९९५ पासून चालू आहे, हजारो जुन्या गाड्या मुंगीच्या वेगाने सरकत असतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण निर्णयात त्याचा मोठा हात आहे.

इंजिन ४०० क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण ६.६ लिटर, व्ही-८, वर चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. कंपनीचा आकडा ३५० हॉर्सपॉवर आणि ३००० आरपीएमला ४४५ पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. गिअरबॉक्स टर्बो हायड्रामॅटिक ४००, तीन गिअरचा, रेशो २.४८, १.४८ आणि १.००. डिफरन्शियल ३.०८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सच्या शाफ्टचे ३.०८ फेरे, हायवेला बरं पण पिकअपला जरा जड. टायर २३५/६० आर १५, उंची साधारण २६.१ इंच. माणसासकट गाडीचं वजन धरा ३८०० पाउंड, आपल्या हिशोबात १७२० किलोच्या आसपास.

इंजिन खोलून नवीन केलं होतं आणि त्यात मूळपेक्षा मोठा कॅम टाकला होता, लिफ्टच्या पन्नास थाउवर (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, इनटेकला २२४ आणि एक्झॉस्टला २३० अंश. रस्त्यावरच्या गाडीला हा कॅम काही राक्षसी नाही, पण मूळ जो होता त्याच्यापुढे बराच अंगावर येतो. इंजिन बसवून गाडी बाहेर काढली आणि तक्रारी सुरू झाल्या. न्यूट्रलला ८५० आरपीएमवर छान गुरगुरते, ड्राइव्हला टाकली की धाडकन ५८० वर येते, कधी कधी बंदच पडते. सिग्नलला ब्रेकवर पाय घट्ट दाबून ठेवावा लागतो, नाहीतर पुढे ओढते. आणि गंमत म्हणजे इंजिनात एवढा खर्च करूनही जागेवरून निघताना गाडी आधीपेक्षा मंद वाटते, ३००० च्या वर गेली की मग जीव येतो. वर गिअर पडताना झटका, जो आधी नव्हता.

एका वर्कशॉपने सांगितलं की ३५०० चा स्टॉल टाका (म्हणजे त्या आकड्याचा कन्व्हर्टर, स्टॉल काय ते पुढे येतंच), रॉकेट होईल. दुसऱ्या एकाने सांगितलं की मूळ कन्व्हर्टरच ठेवा, आयडल, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन जितकं फिरतं ते, १००० वर चढवा. मालक या दोन सल्ल्यांच्या मध्ये अडकले होते, तेव्हा आम्ही बसून सगळं पहिल्यापासून मोजायचं ठरवलं.

पहिलं काम कन्व्हर्टरचं नव्हतंच. ड्राइव्हला टाकल्यावर इंजिन गळपटतं याची निम्मी कारणं कन्व्हर्टरच्या बाहेर असू शकतात, आणि ती न बघता गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे पैसे आणि पाठ दोन्ही मोडणं. मोठ्या कॅमला आयडलला इग्निशन टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते, जास्त लागतं, इथे ते जुन्या पुस्तकाप्रमाणे ९ अंशांवर ठेवलेलं होतं. ते १४ वर नेलं, डिस्ट्रिब्युटरचं वजनांचं अॅडव्हान्स तेवढंच आवरून घेतलं म्हणजे वरती एकूण टायमिंग वाढून नॉकिंग व्हायला नको, व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी (इंजिनच्या ओढीवर टायमिंग वाढवणारी) इनटेक मॅनिफोल्डच्या पोर्टला जोडली, कार्बचे आयडल मिक्स्चर स्क्रू व्हॅक्यूम गेज लावून बसवले. फरक पडला, ५८० चे ६२० झाले, बंद पडायचं थांबलं. पण ओढणं तसंच आणि निघतानाचा आळसही तसाच. आता जे उरलं ते कन्व्हर्टरचं, असं छातीठोक म्हणता आलं.

आता कन्व्हर्टर आत काय करतो ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं गणित त्यावरच आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला तर दुसरा वाऱ्याने फिरायला लागतो, तसंच इथे हवेऐवजी तेल. इंजिनाला जोडलेला तो पंप किंवा इम्पेलर, गिअरबॉक्सला जोडलेली ती टर्बाइन. मध्ये तिसरा असतो स्टेटर, एका बाजूलाच फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवलेला. टर्बाइनमधून परत येणारं तेल तो वळवून पुन्हा पंपाच्या फिरण्याच्या दिशेने पाठवतो आणि त्यामुळे टॉर्क वाढतो. गाडी जागेवर असताना ही वाढ साधारण दुप्पट असते, आणि टर्बाइनचा वेग पंपाच्या नव्वद टक्क्यांच्या जवळ आला की वाढ संपते, स्टेटर मोकळा फिरायला लागतो, मग फक्त जोडणी उरते. हर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ च्या सुमाराला याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, गाड्यांमध्ये ते बरंच नंतर आलं.

स्टॉल म्हणजे टर्बाइन धरून ठेवली आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत जाऊ शकतं तो आकडा. आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. लोकांना वाटतं की २४०० चा स्टॉल म्हणजे २४०० होईपर्यंत गाडी हलणारच नाही. तसं अजिबात नाही. पंप जेवढा टॉर्क खातो तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आरपीएम दुप्पट तर टॉर्क चौपट. त्यामुळे उलट बाजूने बघितलं तर स्टॉलचा आकडा इंजिनच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एकच कन्व्हर्टर बारक्या इंजिनामागे कमी आकडा दाखवेल, मोठ्या इंजिनामागे जास्त. डब्यावर छापलेला आकडा कुठल्यातरी एका टॉर्कला धरून असतो आणि तो टॉर्क कुठला हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं की पण डब्यावर तर लिहिलंय.

आता आकडे टाकू. ३५० पाउंड-फूट टॉर्कला धरून तीन पर्याय घेऊ, १७०० म्हणजे साधारण मूळ कन्व्हर्टर, २४००, आणि ३५००.

आधी आयडल, कारण खरी तक्रार तिथे होती. गाडी ड्राइव्हमध्ये, ब्रेकवर, इंजिन ७०० वर. मूळ कन्व्हर्टर तेव्हा इंजिनावर ३५० गुणिले (७०० भागिले १७००) चा वर्ग, म्हणजे जवळपास ५९ पाउंड-फूट ओझं टाकतो. मूळ कॅमला ते जाणवत नव्हतं, कारण त्याला खालच्या आरपीएमला भरपूर दम होता. नव्या कॅमला ७०० वर तेवढा दम नाही, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे, सिलिंडर नीट भरत नाही, मग ते ओझं मानगुटीवर बसतं. २४०० वाला त्याच ठिकाणी ३० टाकतो, बरोब्बर निम्मं. ३५०० वाला १४. म्हणजे आयडलच्या तक्रारीला २४०० नेच निम्मा उतार पडतो, त्यासाठी ३५०० पर्यंत धावायची गरज नाही.

यातच झटक्याचं उत्तरही लपलेलं होतं आणि हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात आवडलेलं. टर्बो ४०० मध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, इंजिनच्या मॅनिफोल्डमधून नळी येते आणि व्हॅक्यूम कमी झाला की गिअरबॉक्सला वाटतं ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर जास्त दाबलाय, मग तो तेलाचा दाब वाढवतो आणि गिअर कडक टाकतो. आता मोठ्या कॅमने व्हॅक्यूम आधीच कमी, त्यात घट्ट, म्हणजे कमी स्टॉलच्या, कन्व्हर्टरने आयडलला आणि हळू चालताना ओझं टाकून आणखी कमी, गेजवर ड्राइव्हमध्ये पाऱ्याचे जेमतेम ८ इंच दिसत होते. बिचारा गिअरबॉक्स समजतोय की मालक रेस लावतायत. ब्रेक बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पेडलही जड लागत होतं. एका वर्कशॉपने तर गिअरबॉक्स खोलून क्लच बदलायचं कोटेशन दिलं होतं, त्यातलं काहीच लागलं नसतं.

आता निघताना काय होतं. इंजिन बांधणाऱ्याच्या अंदाजाने गाडीत बसवल्यावर खरा टॉर्क ४०० च्या आसपास. इथे सांगायला हवं की १९७१ पर्यंतचे अमेरिकन कंपन्यांचे आकडे ग्रॉस असायचे, म्हणजे अल्टरनेटर, पंखा, सायलेन्सर काही न लावता नुसतं इंजिन बेंचवर मोजलेलं, १९७२ पासून नेट आकडे द्यायला लागले. त्यामुळे माहितीपत्रकातला ४४५ घेऊन कन्व्हर्टर मागवला तर तो गाडीत अपेक्षेपेक्षा कमी स्टॉलला येणार. ४०० धरलं तर २४०० वाला जातो २५६६ ला, ३५०० वाला ३७४२ ला. आणि मूळचा १७०० वाला तिथेच १७०० ला अडकतो, कारण १७०० वर नवीन कॅम ४०० टॉर्क देतच नाही, ३५० च्या जवळपासच असतो. म्हणजे इंजिन नेमकं जिथे कच्चं आहे तिथे त्याला जखडून ठेवलेलं. म्हणून मंद वाटत होती. २५०० च्या पुढे इंजिनला चांगली ताकद आहे, तिथपर्यंत त्याला मोकळं उठू दिलं की काम झालं.

मग ३५०० का नको? इंजिन आणखी ताकदीच्या जागी जाईल की. याला माझ्याकडे तीन कारणं होती आणि तिन्ही मालकांना कागदावर लिहून दाखवली.

पहिलं म्हणजे टायर. पहिला गिअर २.४८, डिफरन्शियल ३.०८, कन्व्हर्टरची वाढ दोन, टॉर्क ४००, हे सगळं गुणलं तर मागच्या चाकांवर ६१०० पाउंड-फूट येतो, चाकाची त्रिज्या १३ इंच म्हणजे रस्त्यावर सुमारे ५६०० पाउंडांचं ढकलणं. वाटेतली घट काढून टाका, एक हजार कमी करा हवं तर. ३८०० पाउंडाच्या गाडीचं मागच्या चाकांवरचं वजन निम्म्याहून कमीच, निघताना थोडं मागे झुकतं ते धरूनही साधा रेडियल टायर याच्या निम्मी ताकदसुद्धा रस्त्याला देऊ शकत नाही. म्हणजे २५०० लाच टायर धूर काढणार, ३७०० ला नुसता जास्त धूर. ड्रॅग स्ट्रिपवर चिकट स्लिक टायर घालून जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं, हे गृहस्थ तिथे जाणार नव्हते.

दुसरं, रोजचं चालवणं. गल्लीतून हळू निघताना माणूस इंजिनकडून समजा १२० पाउंड-फूट मागतो. २४०० वाला तेव्हा १४०० आरपीएमवर गाडी हलवतो, कानाला एकदम नॉर्मल. ३५०० वाला २०५० मागतो. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला, पार्किंगमधून निघताना. इंजिन आधी ओरडणार आणि गाडी मागाहून येणार, आणि ३.०८ च्या लांब डिफरन्शियलमुळे हे जास्तच जाणवणार, कारण ३५ मैलांच्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन फक्त १४०० च्या घरात असतं आणि पाय जरा दाबला की आरपीएमचा काटा उडी मारतो, गाडी तिथेच. ज्यांना ४.१० चं डिफरन्शियल आणि ५००० च्या वर ओढणारं इंजिन आहे त्यांना ३५०० शोभतो. या गाडीला नाही.

तिसरं कारण उष्णता, आणि इथे ते क्रूझ. कन्व्हर्टर जेव्हा घसरतो तेव्हा घसरणीतली सगळी ताकद तेलात उष्णता होऊन जाते, गाडी जागेवर धरून अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिनची शंभर टक्के ताकद तेल तापवण्यात. ढिला, म्हणजे जास्त स्टॉलचा, कन्व्हर्टर हळू ट्रॅफिकमध्ये निघता-थांबताना जास्त घसरतो. ऑटोमॅटिकच्या तेलाबद्दल इथल्या मेकॅनिकांचा जुना ठोकताळा असा की १७५ फॅरेनहाइटच्या वर, म्हणजे ८० सेल्सियसच्या वर, प्रत्येक २० फॅरेनहाइटला तेलाचं आयुष्य निम्मं. ऑगस्टच्या उन्हात वुडवर्डवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना तेल कुठे जाईल विचार करा. गिअरबॉक्स जळून जाणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांची कहाणी हीच असते, दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सवर जातो.

हायवेचं पण बघितलं. ७० मैलांच्या वेगाला आरपीएम म्हणजे ७० गुणिले ३.०८ गुणिले ३३६ भागिले २६.१ (३३६ हा मैल, इंच आणि मिनिटं जुळवणारा ठरलेला आकडा), येतात २७७५. अनेक जण म्हणतात की क्रूझिंगचे आरपीएम स्टॉलच्या वर हवेत नाहीतर कन्व्हर्टर सतत घसरेल. सरळ हायवेला इंजिनावर ओझं थोडंच असतं त्यामुळे प्रत्यक्षात घसरण त्या नियमाला वाटते तेवढी वाईट नसते, पण चढ, समोरचा वारा, ओव्हरटेक यात ढिल्या कन्व्हर्टरचा फरक दिसतोच. २४०० वाला या नियमातही बसत होता, मग वाद घालायची गरजच राहिली नाही.

मालकांच्या मुलाने आणखी एक पर्याय मांडला होता आणि तो वाईट नव्हता. टर्बो ४०० काढून २००-४आर टाकायचा, हा चार गिअरचा ऑटोमॅटिक, त्यात ०.६७ चा ओव्हरड्राइव्ह (हायवेला आरपीएम कमी ठेवणारा वरचा गिअर) आणि लॉकअप कन्व्हर्टर दोन्ही मिळतं, शिवाय त्याचा केस, म्हणजे बाहेरचं कवच, पॉन्टिअॅकच्या बोल्ट पॅटर्नला सरळ बसतो. लॉकअप म्हणजे हायवेला आतला क्लच कन्व्हर्टरला जाम करून टाकतो आणि घसरण शून्य. रोज कामाला नेणारी गाडी असती तर मी तेच सुचवलं असतं. पण मालकांना मूळ गिअरबॉक्स ठेवायचा होता, त्यावरचे नंबर गाडीशी जुळतात, आणि कन्व्हर्टर बदलला तर मूळ स्थितीत परत जाता येतं, अख्खा गिअरबॉक्स बदलला की ते राहत नाही. ते त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. गाडी त्यांची आहे आणि ती का ठेवलीय हे त्यांनाच माहिती.

आता साइज. कन्व्हर्टरचा व्यास लहान झाला की स्टॉल झपाट्याने वाढतो, कारण टॉर्क झेलायची क्षमता व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. एकाच घडणीचा १२ इंची १७०० ला असेल तर ११ इंची साधारण २१०० ला आणि १० इंची २७०० च्या जवळ जाईल. बाकीचं पात्यांच्या कोनाने आणि स्टेटरच्या आकाराने जुळवतात. स्वस्तातले जे मिळतात त्यात बऱ्याचदा जुन्या मोठ्या कन्व्हर्टरची पाती वाकवून स्टॉल वाढवलेला असतो. आकडा मिळतो, पण तेलाचा प्रवाह बिघडतो, घसरण आणि उष्णता वाढते. म्हणून आम्ही ११ इंची, खास या गाडीसाठी बांधून घ्यायचा ठरवला. पाती भट्टीत ब्रेझ केलेली (वितळलेल्या धातूने जोडलेली) हवीत, नुसती वाकवून अडकवलेली नकोत. आत थ्रस्ट वॉशरऐवजी नीडल बेअरिंग. स्टेटरचा एकदिशा क्लच मजबूत. टॉर्क वाढ दोनच्या आसपास पुरे, २.३ मागायची गरज नाही, टायर आधीच रडतोय. फुगणं अडवणारी जाड प्लेट बांधणाऱ्याने सुचवली, ती नायट्रस किंवा ट्रान्सब्रेकवाल्यांना, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांना, लागते, इथे तिच्यावर खर्च नको म्हटलं.

बांधणाऱ्याला आम्ही स्टॉलचा आकडा दिलाच नाही. कॅमचे ड्युरेशन, कॉम्प्रेशन, हेड, कार्ब, एक्झॉस्ट, गाडीचं वजन, डिफरन्शियल, टायरची उंची, व्हॅक्यूम गेजचं रीडिंग, आणि वापर कुठे, हे एका कागदावर दिलं. चांगला बांधणारा यावरून स्वतः ठरवतो आणि फोन करून उलट प्रश्न विचारतो. याने विचारले, ड्राइव्हमध्ये आयडल किती पडतो हे तर पहिल्याच वाक्यात. त्याचा अंदाज आणि आमचा कागद जुळले, गाडीत २५०० ते २६००.

बसवताना तीन गोष्टी बघितल्या ज्या कुणीही बघाव्यात. कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओतलं म्हणजे पहिल्या स्टार्टला पंप कोरडा फिरत नाही. गिअरबॉक्सवर सरकवताना तो तीन टप्प्यांत आत जातो, टर्बाइनच्या शाफ्टवर, स्टेटरच्या आधारावर आणि शेवटी पंपाच्या खाचेत, फिरवत फिरवत तिसरा ठक्क लागेपर्यंत थांबायचं नाही. दोनवरच समाधान मानून बोल्ट आवळले की पंप फुटतो, हे फार वेळा होतं. आणि गिअरबॉक्स इंजिनला आवळल्यावर कन्व्हर्टरचे कान (बोल्ट लावायच्या पट्ट्या) आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनमागची पातळ चकती) यात १/८ ते ३/१६ इंच, म्हणजे ३ ते ५ मिलिमीटर फट मोजायची, नंतरच पुढे ओढून बोल्ट लावायचे. फट नसेल तर काहीतरी नीट बसलेलं नाही, जास्त असेल तर वॉशर. फ्लेक्सप्लेट तडा गेलीय का तेही बघितलं, बरी होती.

कुलर मात्र मी अडून बसून लावायला लावला. रेडिएटरमधून आलेलं तेल पुढे एका प्लेटवाल्या वेगळ्या कुलरमधून जाऊन मग गिअरबॉक्सला परत, आणि तेलाच्या पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर, डॅशखाली छोटं गेज. मालकांना ते गेज मूळ नाही म्हणून टोचत होतं, ग्लोव्ह बॉक्समध्ये बसवलं. मॉड्युलेटरही स्क्रूने जुळवता येणारा टाकला.

निकाल. न्यूट्रलला ८५०, ड्राइव्हला ७२०. व्हॅक्यूम ड्राइव्हमध्ये ११ इंच. ओढणं जवळपास गेलं, ब्रेकवर नुसता पाय ठेवला तरी पुरतं. ब्रेकवर धरून स्टॉल मोजायच्या फंदात पडलो नाही, कारण मागचे ड्रम ब्रेक एवढ्या टॉर्कला चाकं धरूच शकत नाहीत, आकडा खोटा येतो आणि तेल उगाच उकळतं. मोकळ्या रस्त्यावर उभ्या गाडीतून एकदम अॅक्सिलरेटर दाबून काटा जिथे क्षणभर थबकतो तो बघितला, २५५० च्या आसपास. पहिल्याहून दुसऱ्यात ५००० ला टाकला की इंजिन साधारण ३००० वर येतं, म्हणजे स्टॉलच्या वर, कन्व्हर्टर जवळपास जुळलेला राहतो आणि गाडी ढिली वाटत नाही. हायवेला ७० ला काटा २९०० दाखवतो, हिशोबाच्या २७७५ पेक्षा थोडा वर, चार-साडेचार टक्के घसरण, लॉकअप नसलेल्या गाडीला हे चांगलंच आहे. क्रूझच्या गर्दीत तेलाचं गेज १८० ते १९० फॅरेनहाइटमध्ये राहिलं.

निघताना आता ती जी काही उठते ना, पहिल्यांदा मालक बाजूला बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की काम झालंय. आवाज तोच, टायर थोडे किंचाळतात, आणि मग एकसारखी ओढ, मधला तो जांभई देणारा भाग गायब.

आता त्यांच्या डोक्यात डिफरन्शियल ३.३६ करायचं आहे. ७० ला आरपीएम ३०२८ होतील, निघताना नऊ टक्के जास्त ओढ, आणि कन्व्हर्टर हाच चालेल, कारण गिअर आखूड झाला की कन्व्हर्टरवरचं ओझं कमीच होतं. ३.५५ म्हणाले असते तर ३२०० होतात, तेवढे या इंजिनला रोज हायवेला नकोत असं माझं मत आहे, त्यांना तसं सांगितलंय. थंडीत गाडी आत उभी राहील तेव्हा ते काम काढू.